मोटारीचा करंट, वायरचं माप आणि ब्रेकर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भोसरीत मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरण्याचं काम करताना जळालेली मोटार समोर आली की मी आधी विचारतो, "ओव्हरलोड रिले कितीवर लावला होता?" हा रिले म्हणजे मोटार जास्त करंट ओढायला लागली की तिला बंद करणारं साधन. उत्तर क्वचितच मिळतं. मग वायरचं माप विचारतो, तेव्हा "चांगली जाड होती" असं ऐकायला मिळतं. गिरणीवाले, सोसायटीचे सेक्रेटरी, वर्कशॉपमालक, शेतकरी आणि आयटीआयची मुलं जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. आकडे आपल्याकडच्या ४१५ व्होल्ट थ्री फेज आणि २३० व्होल्ट सिंगल फेज पुरवठ्याचे, ५० हर्ट्झचे आहेत.

मोटार ५ एचपीची आहे. करंट किती धरायचा?

मोटारीवरच्या माहितीच्या प्लेटवरचा एचपी हा शाफ्टवर मिळणारा जोर असतो, लाइनमधून ओढली जाणारी वीज नव्हे. इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. ५ गुणिले ७४६ म्हणजे ३,७३० वॅट. त्याला १.७३२ (थ्री फेजसाठी तीनचं वर्गमूळ) आणि ४१५ ने भागलं की ५.२ अँपिअर येतात. आयटीआयतून नुकतीच आलेली मुलं हाच आकडा सांगतात. रिले ५.२ वर लावला तर पूर्ण लोडवर मोटार काही मिनिटांत बंद पडते आणि दोष रिलेवर येतो.

या गणितात दोन गोष्टी राहून गेल्या. मोटार आत येणाऱ्या विजेतली काही उष्णतेत घालवते, ती कार्यक्षमता. शिवाय तिचा करंट व्होल्टेजच्या मागे रेंगाळतो, तो पॉवर फॅक्टर. म्हणून पूर्ण सूत्र असं:

करंट = वॅट ÷ (१.७३२ × व्होल्ट × पॉवर फॅक्टर × कार्यक्षमता)

५ एचपी म्हणजे ३.७ किलोवॅट. पॉवर फॅक्टर ०.८३ आणि कार्यक्षमता ०.८६ धरली तर ७.२ अँपिअर येतात. ५.२ आणि ७.२ मधला फरक सुमारे ४० टक्क्यांचा आहे. सिंगल फेजला हेच सूत्र १.७३२ काढून वापरायचं.

दर वेळी एवढं गणित कुठे करणार? तोंडी हिशेब नाही का?

आहे. ४१५ व्होल्टवर थ्री फेज मोटारीला एका एचपीमागे साधारण दीड अँपिअर धरा. लहान मोटारीला थोडा जास्त लागतो, मोठीला थोडा कमी. चार पोलच्या, म्हणजे १,४४० आरपीएमच्या आसपास फिरणाऱ्या मोटारींचे ढोबळ आकडे असे:

१ एचपी – १.८ अँपिअर
२ एचपी – ३.४
३ एचपी – ४.७
५ एचपी – ७.२
७.५ एचपी – १०.५
१० एचपी – १४
१५ एचपी – २०
२० एचपी – २७

हे आकडे वायरचा अंदाज काढायला आणि कोटेशन करायला ठीक आहेत. रिले लावताना मात्र प्लेटच बघा. आरपीएम कमी असेल तर करंट वाढतो. ७२० आरपीएमची ५ एचपी मोटार नऊ अँपिअरच्या आसपास घेते, कारण जास्त पोलच्या मोटारीचा पॉवर फॅक्टर पडतो. एचपी तोच असला तरी मोटार वेगळी असते.

इंटरनेटवरच्या तक्त्यात वेगळे आकडे दिसतात. कोणते खरे?

तो तक्ता बहुधा अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमधला असतो. तिथली वीज ६० हर्ट्झची आणि कारखान्यांत ४६० व्होल्ट. त्या रकान्यात ५ एचपीला ७.६ आणि १० एचपीला १४ अँपिअर दिले आहेत, म्हणजे आपल्या आकड्यांच्या जवळच. घोटाळा २३० व्होल्टच्या रकान्यात होतो. अमेरिकेत २३० व्होल्टच्या थ्री फेज मोटारीही असतात आणि त्यांच्या तक्त्यात १ एचपीला ४.२ अँपिअर आहेत. आपल्याकडे २३० म्हटलं की सिंगल फेजच डोळ्यासमोर येतं. सिंगल फेजचा तक्ता निराळा आहे आणि त्यात २३० व्होल्टवर १ एचपीला ८ अँपिअर दिले आहेत. म्हणजे चुकीच्या तक्त्यातला आकडा घेतला तर करंट निम्म्यावर येतो.

त्या कोडमधली एक गोष्ट मात्र आपण जरूर उचलावी. वायर आणि शॉर्टसर्किटचा ब्रेकर तक्त्यातल्या करंटवरून ठरवायचा, ओव्हरलोड रिले प्लेटवरच्या करंटवरून. आज बसवलेली मोटार पाच वर्षांनी बदलते आणि तिच्या जागी त्याच एचपीची, पण थोडा जास्त करंट घेणारी दुसरी मोटार येते. वायर पाइपमध्ये तशीच राहते. रिलेचा डायल मात्र दोन मिनिटांत फिरवता येतो.

म्हणजे एकाच मोटारीचे किती करंट बघायचे?

तीन. ही गोष्ट डोक्यात बसली की पुढचे बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात.

वायरला तासन्‌तास वाहणाऱ्या करंटशी देणंघेणं असतं, कारण तिचं इन्सुलेशन उष्णतेने मरतं. ब्रेकरला सुरुवातीचा झटका सोसायचा असतो आणि शॉर्टसर्किट झालं की क्षणात तोडायचं असतं. रिले मोटारीच्या वाइंडिंगचा राखणदार आहे. प्लेटवरच्या करंटपेक्षा थोडाही जास्त करंट बराच वेळ गेला तर त्याने थांबवलं पाहिजे. या तिघांना एकच आकडा देऊन भागत नाही. "१४ अँपिअरची मोटार, १६ ची एमसीबी लावून टाक" असं म्हणणाऱ्याने तिन्ही कामं एका एमसीबीवर, म्हणजे छोट्या ब्रेकरवर, ढकललेली असतात. ती सुरू होताना ट्रिप होते आणि मोटार जळत असताना गप्प बसते.

वायर किती जाडीची घ्यायची?

करंटच्या सव्वापट क्षमतेची. १० एचपीला १४ अँपिअर, म्हणून १७.५. पण हे फक्त पहिलं पाऊल आहे.

केबलच्या तक्त्यातले आकडे ठरावीक तापमानासाठी असतात. आपल्या भारतीय मानकांत हवेतल्या केबलसाठी ४० अंश धरतात. एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो आणि पत्र्याच्या शेडमध्ये छताजवळून गेलेल्या पाइपात त्याहून जास्त असतं. ४५ अंशाला पीव्हीसी वायरची क्षमता सुमारे ९१ टक्के उरते, ५० अंशाला ८२ टक्के. एकाच पाइपात दोन मोटारींच्या वायरी असतील तर आणखी ०.८ ने गुणायचं, कारण त्या एकमेकींना तापवतात.

आता हिशेब करा. १७.५ भागिले (०.९१ × ०.८) म्हणजे सुमारे २४. निर्मात्याच्या तक्त्यात, पाइपातल्या तीन भारित (करंट वाहणाऱ्या) वायरींच्या रकान्यात, २४ अँपिअर किंवा जास्त लिहिलेलं पहिलं माप घ्यायचं. साध्या पीव्हीसी तांब्याच्या वायरीला बऱ्याच तक्त्यांत चारची (चार चौरस मिलिमीटरची) काठावर येते आणि अशा वेळी मी सहाची घालतो. अडीचची "चालते" असं सांगणारे भेटतील. चालते हे खरं, पण चार उन्हाळ्यांनी तिचं इन्सुलेशन बिस्किटासारखं तुटायला लागतं.

"एका चौरस मिलिमीटरला इतके अँपिअर" हा तोंडी नियम मोठ्या मापांना लावू नका. वायर जाड होते तसा तांब्याचा आकार जेवढा वाढतो तेवढा उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग वाढत नाही. अडीचच्या वायरीला दर मिलिमीटरमागे जेवढा करंट झेपतो तेवढा पन्नासच्या केबलला झेपत नाही.

शेतातली मोटार मीटरपासून २०० मीटरवर आहे. काय बदलतं?

सगळंच. इतक्या लांबीवर वायर तापते की नाही यापेक्षा तिच्यात व्होल्टेज किती गळतं हा मुख्य प्रश्न होतो. उरुळी कांचनकडच्या एका शेतकऱ्याने दहा एचपीची मोटार दोन वर्षांत तीनदा माझ्याकडे आणली. तिसऱ्यांदा मी मोटार उघडण्याआधी त्यांच्या शेतावर गेलो. मीटरपाशी ४०० च्या वर व्होल्ट, विहिरीपाशी मोटार चालू असताना ३७० च्या खाली. मधे अडीचची वायर होती.

घट काढायचं सूत्र: १.७३२ × करंट × वायरचा रोध × अंतर (किलोमीटरमध्ये) × पॉवर फॅक्टर. तांब्याच्या वायरीचा रोध एका किलोमीटरला असा असतो: अडीचला ७.४१ ओहम, चारला ४.६१, सहाला ३.०८, दहाला १.८३. १४ अँपिअर, २०० मीटर आणि ०.८५ पॉवर फॅक्टर धरून अडीचच्या वायरीत ३० व्होल्टच्या वर गळतात, चारमध्ये १९, सहामध्ये साधारण १३. हे थंड तांब्याचे आकडे आहेत. वायर ७० अंशाला गेली की रोध वीस टक्क्यांनी वाढतो. ॲल्युमिनियम घ्यायचं असेल तर दहाच्या केबलचा रोध तांब्याच्या सहाएवढाच, ३.०८.

खरा मार सुरुवातीला बसतो. तेव्हा करंट सहापट असतो. पॉवर फॅक्टर त्या क्षणी कमी असल्याने घट सहापट होत नाही, पण पावणेतीनपट होते. अडीचच्या वायरीत मग ऐंशीच्या आसपास व्होल्ट जातात. मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे कमी होतो, त्यामुळे तो दोन-तृतीयांशाच्या खाली येतो. मोटार घुरघुरते, वेग घ्यायला वेळ लावते, आणि तेवढा वेळ सहापट करंट वाइंडिंगमधून जात राहतो. त्या शेतकऱ्याने सहाची वायर टाकली. त्यानंतर ती मोटार माझ्याकडे आलेली नाही.

स्विच दाबला की एमसीबी पडते. मोटार खराब आहे का?

बहुतेक वेळा नाही. थेट लाइनवर, म्हणजे डीओएल स्टार्टरने सुरू होणारी मोटार पहिले काही सेकंद सहा-सातपट करंट घेते आणि पहिल्या अर्ध्या सायकलमध्ये टोक त्याहूनही वर जातं. १४ अँपिअरच्या मोटारीला हे १०० अँपिअर होतात. बी कर्व्हची एमसीबी ३ ते ५ पटीला क्षणात तोडते, सी कर्व्हची ५ ते १० पटीला, डी कर्व्हची १० ते २० पटीला. घरातल्या दिव्यांसाठीची बी किंवा काठावरची सी २० लावली तर ती पडणारच. १० एचपीला डी २० (डी कर्व्हची २० अँपिअरची) किंवा सी ३२ बघा. जास्त कार्यक्षमतेच्या आयई३ मोटारींचा सुरुवातीचा झटका जुन्या मोटारींपेक्षा मोठा असतो. त्यामुळे जुनी मोटार काढून आयई३ बसवल्यावर तीच एमसीबी पडायला लागली, तर आधी कर्व्ह तपासा.

पण ३२ ची एमसीबी आणि वायर २४ अँपिअरची. वायर जळणार नाही?

पुढे नीट लावलेला ओव्हरलोड रिले असेल तर नाही. मोटार जास्त ओढायला लागली की रिले वायरच्या मर्यादेआधीच थांबवतो. एमसीबीचं काम फक्त शॉर्टसर्किटचं उरतं आणि तेव्हा करंट शेकड्यांत असतो. अमेरिकन कोड तर मोटारीच्या करंटच्या अडीचपट ब्रेकरपर्यंत परवानगी देतो.

रिले नसेल तर मात्र हे अजिबात करायचं नाही. घरच्या सिंगल फेज पंपाला रिले नसतो, नुसती एमसीबी असते. तिथे मोठी एमसीबी लावणं म्हणजे वायर उघड्यावर टाकणं. थ्री फेजला जमत असेल तर मोटारीसाठीच बनवलेला ब्रेकर, एमपीसीबी, घ्या. त्यात डायलवर ओव्हरलोड लावता येतो आणि शॉर्टसर्किटचा भाग साधारण १३ पटीला तोडतो. थोडे जास्त पैसे जातात, पण छोट्या वर्कशॉपला माझा सल्ला हाच असतो.

ओव्हरलोड रिले नेमका कितीवर लावायचा?

प्लेटवरच्या करंटवर. वर नाही. "थोडं मार्जिन" रिलेच्या आत आधीच आहे. मानकाप्रमाणे १.०५ पट करंटला तो दोन तासांत तोडत नाही, १.२ पटीला दोन तासांच्या आत तोडतो. लॉक झालेल्या (अडकून न फिरणाऱ्या) मोटारीचा ७.२ पट करंट आला तर क्लास १० चा रिले ४ ते १० सेकंदांत तोडतो. तुम्ही डायल वीस टक्के वर सरकवला तर हे सगळे आकडे वर सरकतात आणि वाइंडिंगचं आयुष्य त्या फरकात जातं. रिले वारंवार पडत असेल तर बेअरिंग, बेल्टचा ताण, पंपात अडकलेला गाळ, व्होल्टेज बघा. डायलला हात लावायची वेळ शेवटी येते आणि तीही बहुधा येत नाही.

स्टार-डेल्टा स्टार्टरला, म्हणजे आधी कमी करंटवर सुरू करून मग मोटार पूर्ण जोडणीवर आणणाऱ्या स्टार्टरला, एक खास खाचखळगा आहे. तिथे रिले बहुतेक वेळा मोटारीच्या वाइंडिंगच्या रांगेत बसवलेला असतो आणि तिथून लाइनच्या ५८ टक्केच करंट जातो. १४ अँपिअरच्या मोटारीला ८.१ वर लावायचा. लोक प्लेट बघून १४ वर लावतात आणि मोटारीला राखणदारच उरत नाही. रिले लाइनमध्ये असेल तर मात्र १४ च. आधी वायरिंग बघा, मग डायल फिरवा. पॅनलपासून मोटारीपर्यंत जाणाऱ्या सहा वायरींतूनही प्रत्येकी ५८ टक्केच जातो, त्यामुळे त्यांचं माप ८.१ च्या सव्वापटीवरून काढायचं.

टाँग टेस्टरने मोजलेला करंट वापरला तर?

तपासणीला उत्तम, माप ठरवायला नाही. टाँग टेस्टर, म्हणजे वायरीभोवती अडकवून करंट मोजायचं यंत्र, त्या क्षणीचा लोड दाखवतो. धायरीच्या एका गिरणीत वायरमनने दगड रिकामे फिरत असताना करंट मोजला आणि त्यावरून वायर ठरवली. दिवाळीच्या भाजणीला गर्दी झाली, दिवसभर भरून दळण चाललं आणि जॉइंट वितळला. रिकामी फिरणारी मोटारसुद्धा पूर्ण करंटच्या ३० ते ५० टक्के घेते, त्यामुळे आकडा "बऱ्यापैकी" दिसतो आणि फसवतो. टेस्टरचा खरा उपयोग तिन्ही फेजची तुलना करायला आहे. एका फेजचा आकडा बाकी दोघांपेक्षा दहा टक्क्यांनी वेगळा असेल तर कारण शोधा.

व्होल्टेज कमी असलं की करंट कमी होईल ना?

हीटरचा होतो, मोटारीचा वाढतो. पंपाला तेवढंच पाणी तेवढ्याच उंचीवर चढवायचं असतं, म्हणून व्होल्ट कमी पडले की मोटार अँपिअर जास्त ओढते. ४१५ चे ३६० झाले तर करंट सुमारे पंधरा टक्के वाढतो आणि जोर मात्र तीन-चतुर्थांशावर येतो.

एक फेज गेला तर उरलेल्या दोन फेजांतला करंट जवळपास पावणेदोनपट होतो. माझ्याकडे येणाऱ्या जळालेल्या मोटारींत हा प्रकार लगेच ओळखू येतो, कारण वाइंडिंगचे काही गट काळे ठिक्कर आणि बाकीचे नव्यासारखे असतात. तिन्ही फेजांच्या व्होल्टेजमधला साडेतीन टक्क्यांचा फरकही वाइंडिंगचं तापणं सुमारे पंचवीस टक्क्यांनी वाढवतो. सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटार बंद करणारं साधन) बसवलेला असेल तर कृपा करून तो वायर जोडून बायपास करू नका.

रिवाइंड केलेल्या मोटारीची प्लेट खरी मानायची का?

रिवाइंडिंग कसं झालं त्यावर आहे. मूळ गेजची (जाडीची) तार आणि मूळ टर्न (वेढे) भरले असतील तर हो. तार मिळाली नाही म्हणून पातळ भरली असेल किंवा टर्न कमी केले असतील, तर ती प्लेट आता दुसऱ्याच मोटारीची आहे. रिवाइंडरकडून टर्न आणि गेज लिहून मागा. रिकामी चालवून तिन्ही फेजचा करंट मोजून घ्या आणि जुना आकडा असेल तर ताडून बघा.

वर्कशॉपमध्ये चार मोटारी एकाच मेन केबलवर आहेत. केबल कशी काढायची?

सगळ्यात मोठ्या मोटारीचा करंट सव्वापट करायचा, बाकीच्यांचा तसाच मिळवायचा. १०, ५, ३ आणि २ एचपी असतील तर १७.५ अधिक ७.२ अधिक ४.७ अधिक ३.४, म्हणजे ३२.८ अँपिअर. त्यावर तापमानाचा आणि अंतराचा हिशेब नेहमीप्रमाणे. कॉम्प्रेसर आणि लेथ कधीच एकत्र चालत नाहीत असं मालक सांगतात, पण ऑर्डरची घाई असली की चालतात.

व्हीएफडी, म्हणजे मोटारीचा वेग बदलणारा ड्राइव्ह, लावला तर?

येणारी केबल आणि ब्रेकर मोटारीच्या प्लेटवरून ठरवू नका. ड्राइव्हच्या प्लेटवर इनपुट करंट वेगळा दिलेला असतो, तो घ्या. सिंगल फेज घेऊन थ्री फेज देणाऱ्या छोट्या ड्राइव्हमध्ये हा इनपुट करंट मोटारीच्या करंटच्या दुपटीच्याही वर जाऊ शकतो. मोटारीच्या प्लेटवरचा करंट ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये भरायचा, ओव्हरलोडचं काम मग तोच करतो.

सोसायटीच्या १ एचपी सिंगल फेज पंपाला किती?

चालताना सहा-सात अँपिअर. अडीचची तांब्याची वायर आणि १० ची सी कर्व्ह एमसीबी बहुधा पुरते. करंट अचानक वाढला आणि पंप हुंकारतोय असं वाटलं तर आधी कपॅसिटर बदलून बघा.

अर्थिंगचं काय?

थ्री फेज मोटारीच्या बॉडीला दोन स्वतंत्र अर्थिंगच्या जोडण्या हव्यात. पाण्याच्या पाइपला जोडलेली वायर ही अर्थिंग नाही. जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या बाजारात, गेल्यावर दुकानदाराला काय सांगायचं?

"दहा एचपीची केबल द्या" असं सांगू नका. असं सांगितलंत की तो त्याच्याकडे असलेली देईल. प्लेटचा फोटो मोबाइलवर घेऊन जा आणि एवढं सांगा: मोटारीचा करंट १४ अँपिअर, स्टार्टर डीओएल का स्टार-डेल्टा, मीटरपासून अंतर इतके मीटर, केबल पाइपातून जाणार का उघडी का जमिनीतून. मग रिले मागताना त्याची रेंज विचारा. तुमचा आकडा रेंजच्या मधे यायला हवा. १४ अँपिअरला १३ ते २१ चा रिले घेतला तर तो कायम खालच्या टोकाला लावावा लागतो. आकडा मधे येईल असा घेतलात तर पुढेमागे मोटार बदलली तरी डायलला दोन्हीकडे जागा राहते.